मल्लेशच्या नावानं आलेली ओळ

विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पण हे माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत घडलंय. मी तिथं होते. आमच्या घरात आजही यावर कोणी बोलत नाही.

२००८ चा ऑगस्ट. कोल्हापूर.

माझा भाऊ मल्लेश तिथल्या एका कॉलेजात शिकायचा. आमचं गाव गडहिंग्लजच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. त्या वर्षी कॉलेजनं अभ्यास ऑनलाइन केला. लॅबमध्ये जायचं, नाव आणि पासवर्ड टाकायचा, धडे वाचायचे. एक पान सगळ्या वर्गाचं होतं. तिथं शंका लिहायच्या.

एका सकाळी त्या पानावर मल्लेशच्या नावानं एक ओळ आली...

"मल्लेश गॅदरिंगला जेवला न्हाय. त्याला चमच्यानं खाता येत न्हाय."

वर्ग फिदीफिदी हसला.

ती ओळ त्यानं लिहिली नव्हती.

पण ती खरी होती. आणि त्यानं ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्यानं पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी पुन्हा...

"मल्लेशचे वडील कारखान्यात ऑफिसर न्हाईत. ते बाजारात मिरच्या इकत्यात."

तीही खरी; वडील ऑफिसर आहेत असं त्यानंच वर्गात सांगितलं होतं. आणि तीही मराठी अक्षरांत. त्या लॅबमध्ये मराठी टाइप करायची सोयच नव्हती.

लॅबचे इंगवले सर भडकले. "स्वतःच लिहितोस आणि स्वतःच रडतोस व्हय रं? वडलांना घेऊन ये. तोवर तुझं लॉगिन बंद."

आणि त्यांनी स्वतःच्या हातानं ते बंद केलं.

अप्पा, आमचे वडील, बाजार अर्धा टाकून भर दुपारी तसेच आले. मी बरोबर होते.

लॅबमध्ये पाय ठेवताच सरांना ठसका लागला. मग पहिल्या रांगेतल्या पोरांना. अप्पांच्या धोतरात, पटक्यात, सगळीकडं मिरचीचा खाट, तो झोंबणारा वास, बसलेला. मागं कुणीतरी खुसखुसलं.

"बसा पावणं," नाकाला रुमाल लावून सर म्हणाले.

अप्पा बसले नाहीत. त्यांनी हात जोडले. "सायेब, पोरगं चुकलं आसंल तर मी माफी मागतो."

मल्लेश खाली बघत होता. दोन्ही हात पाठीमागं. मी त्याच्या शेजारीच होते.

तेवढ्यात... सरांच्या कॉम्प्युटरवर ते पान आपोआप उघडलं.

मल्लेशचं नाव. बंद केलेलं लॉगिन.

कीबोर्डला कुणाचाही हात नव्हता. एकेक शब्द उमटत गेला...

"मल्लेशला... आत्ता... बापाची... लाज वाटत्या."

ठसके थांबले. खुसखुस थांबली.

सरांनी धडपडत वायर उपटली. स्क्रीन काळा झाला.

पण अप्पांनी वाचलं होतं.

ते मल्लेशकडं वळले. अगदी हळू विचारलं, "खरं हाय व्हय रं?"



परतीच्या एसटीत अप्पांशेजारची जागा रिकामी होती. मल्लेश तिथं बसला नाही. गावापर्यंत मागं उभा राहिला.

सरांनी नंतर माणूस बोलावून सगळं तपासून घेतलं. लॉगिन बंदच होतं. तशी ओळ कुठंही सापडली नाही.

मल्लेशनं कॉलेज बदललं. शिकला, नोकरीला लागला. सुट्टीला आला की अजून अप्पांसोबत बाजारात जातो, दिवसभर मिरच्यांच्या ढिगाशेजारी बसतो. दोघं फारसं बोलत नाहीत.

गेल्या वर्षी एक गोष्ट अचानक माझ्या डोक्यात आली.

अप्पांची शाळा कन्नड. मराठी बोलतात, पण मराठी अक्षर त्यांना वाचता येत नाही.

धीर करून विचारलं. "अप्पा, त्या दिवशी तुम्ही वाचलं कसं?"

अप्पा म्हणाले,

"कन्नडातच हुतं की गं."

मी मराठीत वाचलं होतं. सरांनीही.

म्हणजे ती ओळ वर्गासाठी नव्हतीच. अप्पांनी वाचावी म्हणून कुणीतरी लिहिली होती... कुणी, ते मला अजून कळलेलं नाही.

आता माझंही एक लॉगिन आहे, ऑफिसचं. ते उघडताना अप्पा घरात असले, तर मी दार लावून घेते.