सगळ्या कुप्या रिकाम्या

बेल वाजेना, तेव्हा सदाशिव पेठेतल्या त्या दारासमोर उभं राहून खासगी गुप्तहेर स्पृहा गोवंडेनं आमोदला फोन लावला. त्यानेच तिला भरदुपारी बोलावलं होतं.

आमोदच्या वडिलांच्या, श्यामसुंदररावांच्या, पायाच्या हाडात जंतू शिरले होते. दर आठ तासांनी शिरेतून सेफालोस्पोरिन हे जंतू मारणारं औषध द्यायला रतन नावाची नर्स घरी यायची. तरी ताप रोज संध्याकाळी चढायचाच. आता उद्या पाय कापावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"रतन औषध विकते आणि बाबांना पाणी देते. पुरावा द्या, मी पोलिसांत जातो," आमोद म्हणाला.

स्पृहाच्या सहकाऱ्याला, धम्मदीपला, हे लगेच पटलं. त्याला पहिला संशयित नेहमीच पटतो.

पण रिकाम्या कुप्यांचा हिशेब चोख होता. आमोदनंच तपासून घेतलेलं औषध अस्सल निघालं होतं आणि जंतूही याच औषधानं मरणारे होते.

आमोदची आई, आनंदीबाई, बोलायला मोकळ्या होत्या. डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय, म्हणून दुपारी घर अगदी शांत ठेवते, म्हणाल्या. "एक ते चार आमच्याकडे कुणी येत नाही. आलेलं चालतही नाही."

श्यामसुंदररावांना त्या वेळी गाढ झोप लागे. सुई आधीच हातात बसवलेली, त्यामुळे औषध झोपेतच मिळत असेल, असं ते धरून चालले होते.

रतनला बोलावून घेतलं. रोजच्या तिन्ही कुप्या साहेबांनाच दिल्या, असं ती शपथेवर म्हणाली. दुपारी किती वाजता येता, असं विचारताच तिनं आनंदीबाईंकडे पाहिलं.

"औषध पुरतं पोचलं, वेळेवर पोचलं नाही," स्पृहा म्हणाली. "जंतू आपल्याभोवती भिंत बांधत वाढतात. हे औषध ती भिंत धड बांधू देत नाही, मग ते फुटून मरतात. पण त्यासाठी ते रक्तात सतत हवं. दुप्पट देऊन भागत नाही, जास्तीचं लघवीतून निघून जातं. दुपारी इथली बेल बंद असते. मीही बाहेर अडकले होते. रतनताई परत जातात आणि ती कुपी रात्रीच्या कुपीबरोबर देतात. मधल्या वेळात जंतूंना रान मोकळं. म्हणून ताप संध्याकाळी."

रतन रडू लागली. "एकदा दार वाजवलं तर बाई फार बोलल्या. काम जाईल म्हणून गप्प बसले. वाटलं, औषध तेवढंच तर जातंय."

"यांना झोप लागावी म्हणून मीच बटण बंद करत होते," आनंदीबाई कशाबशा म्हणाल्या.

"मग गुन्हेगार कोण?" धम्मदीपनं विचारलं.

आमोदनं डॉक्टरांना फोन केला. ते आधी भडकले, मग चार दिवस थांबायला तयार झाले. पाय वाचेलच असं मात्र म्हणाले नाहीत.

"पाय माझा आहे," श्यामसुंदरराव पलंगावरून म्हणाले. "रतनला घराची किल्ली द्या."

आमोदनं खिशातली स्वतःची किल्ली काढली. तिच्या हातात ठेवताना त्याला मान वर करता आली नाही.