गरुडाच्या झाडाचे चाळीस हजार

चाळीस हजार रुपये गोळा झाले आणि गरुडासाठी उरले चार हजार. मधले छत्तीस हजार गेले कुठे, हे कोडं सातवीतल्या प्राची तांडेलला काही सुटेना. चोर सापडला असता तर बरं झालं असतं. पण इथे चोरी झालीच नव्हती.

खारशेत बंदराजवळ हसू नाखवाचं जुनं आंब्याचं झाड होतं. शेंड्यावर समुद्रगरुडाचं घरटं, घरट्यात एकच पिल्लू. किनाऱ्यावर हे गरुड आता बोटांवर मोजण्याइतकेच उरले होते. नाखवाला बोटीच्या इंजिनासाठी पैसे हवे होते, म्हणून झाड लाकूडवाल्याला द्यायचं ठरलं होतं. सोमवारी तो करवत घेऊन येणार.

"चाळीस हजार मला द्या, झाड राहील," नाखवा म्हणाला होता. "पोरांनो, तो पक्षी मलाही आवडतो. पण इंजिन आवडीवर चालत नाही."

मग दामूअण्णांनी समिती केली. गावातल्या प्रत्येक समितीचे अध्यक्ष तेच. समिती नसली की त्यांना जेवण जात नसे. देणग्या भराभर आल्या. मग देणाऱ्यांचा सत्कार नको का? मार्चच्या उकाड्यात प्रत्येकाला शाल, श्रीफळ आणि फोटोची फ्रेम. शिवाय मंडप, फ्लेक्स, वडे, चहा. सगळ्याच्या पावत्या होत्या, हिशेब अगदी चोख होता आणि उरले चार हजार.

शनिवारी सकाळी प्राची जेटीवर जाऊन बसली. तिथे मासळी तोलून लिलाव पुकारणारा यंत्रमानव होता. त्याला सगळे मापाडी म्हणत. त्याला घासाघीस शिकवता शिकवता बंदराने टोमणेही शिकवले होते.

"काय गं, तोंड सुकटीसारखं का झालंय?"

प्राचीने सगळं सांगितलं. मापाडीचे दिवे लुकलुकले. "तुमची समिती अगदी समुद्रासारखी चालते की." त्याने एक सुरमई काट्यावर ठेवली. "ही बरोबर एक किलो. एवढी व्हायला तिने चिमुकली मांदेली किती खाल्ली असतील?"

"एक किलो."

"साधारण दहा किलो."

"मग नऊ किलो गेली कुठे?"

"तू आजवर जेवलीस ते सगळं तुझ्या वजनात जमा झालं का?"

प्राची हसली. "मग मी हत्तीण झाले असते. पळण्यात गेलं, श्वासात गेलं, अंग गरम ठेवण्यात गेलं."

"आणि काही संडासात," मापाडी जराही न लाजता म्हणाला. "मांदेलीचंही तेच. दहा किलो मांदेलीमागे शंभर किलो प्लवक (पाण्यात तरंगणारे अतिसूक्ष्म जीव) लागतात. अशी ही अन्नसाखळी (कोण कुणाला खातो ती ओळ). दर पायरीवर ऊर्जेचा (काम करण्याच्या ताकदीचा) साधारण दहावा भाग पुढे सरकतो, बाकीचा जगण्यात खर्च होतो. ही सुरमई गरुडाने खाल्ली, तर त्याच्या अंगी लागेल फार तर शंभर ग्रॅम."

"म्हणून मांदेली टोपल्यांनी आणि गरुड एखादाच," प्राची सावकाश म्हणाली. मग ताडकन उठली. "म्हणजे पायऱ्या जितक्या जास्त, तितकं वरच्याला कमी. मग आपण मधल्या पायऱ्याच काढल्या तर?"

तिने दामूअण्णांना गाठून बेत सांगितला. प्रत्येक बोटीने आजच्या मासळीतलं थोडं वेगळ्या टोपलीत टाकायचं; त्याचा लिलाव करून पैसे थेट नाखवाच्या खात्यात.

"शालीशिवाय कोण देतं?" अण्णा म्हणाले. "माणसाला मान लागतो, पोरी."

प्राचीने सत्काराच्या सभेत बसून सगळ्यांची तोंडं नीट पाहिली होती. शाल मिळाली तशी प्रत्येकाने काखेत कोंबली होती. आपलं नाव पुकारलं तेव्हा मात्र मान ताठ झाली होती. "अण्णा, मान शालीत नसतो, भोंग्यात असतो. आणि मापाडीचा भोंगा फुकट आहे."

लिलाव सुरू झाला. "किसन भोईर, एक पापलेट. पापलेट मोठं, मन त्याहून मोठं," मापाडी गरजला. हे ऐकताच रमजान मुकादमने दोन टाकले. मग किसनने तीन. दोघांचं वर्षानुवर्षं पटत नव्हतं, ते गरुडाच्या कामी आलं. भरती लागेपर्यंत उरलेले चार हजार धरून बेरीज एकोणचाळीस हजार पाचशेवर आली आणि तिथेच अडकली. टोपली रिकामी झाली होती.

दामूअण्णा घसा खाकरत पुढे आले आणि त्यांनी घरी न्यायला घेतलेली कोळंबी टोपलीत टाकली. "नाव जरा दोनदा घे."

"दुसऱ्यांदाचे वेगळे पडतील," मापाडी म्हणाला.

अण्णांनी खिशात हात घातला. चाळीस हजार पुरे झाले.

पंधरवड्याने पिल्लू उडालं आणि पुढे महिन्याभरात शिकार शिकू लागलं. पहिली झेप पाण्यात फुकट गेली, दुसऱ्या झेपेला पंजात मासा आला. नव्या इंजिनाच्या बोटीतून नाखवा शीळ घालत होता. जेटीवर मात्र ती टोपली कायमची राहिली होती. पुढच्या वर्षी दुसरं झाड वाचवायची पाळी.

"मापाडी, त्या माशातलं त्याच्या अंगी किती लागेल?"

"दहावा भाग, तोही लागला तर. बाकीचे नऊ भाग खर्च."

प्राचीने डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं. पिल्लू आंब्यावरून वळसा घेत उंच चढत होतं.

"खर्च कसला," ती म्हणाली, "ते बघ ना, नऊच्या नऊ भाग उडतायत."