बोर्डावर न लागलेलं पत्र

साल १९९७, महिना फेब्रुवारी. वसईजवळच्या राजोडीच्या वाड्यांत त्या वर्षी मोगरा लवकर आला होता. पण जगन्नाथ राऊतांची कृतिका त्या सकाळी फुलं खुडायला थांबली नाही. पहिल्या एसटीने ती कॉलेजात गेली… भांडायला. कोणाशी भांडायचं, तेवढं मात्र ठरलं नव्हतं.

आदल्या दिवशी विद्यापीठात तिचा सत्कार झाला होता. रसायनशास्त्राच्या गुणवत्ता परीक्षेत ती पहिल्या पाचांत आली होती. तिथे इनेझ भेटली. ती वसईचीच, पण मुंबईच्या मोठ्या कॉलेजात शिकणारी.

“बंगलोरचा फॉर्म भरलास ना गं?”

“कसला फॉर्म?”

इनेझने कपाळावर हात मारून घेतला. विद्यापीठातल्या हुशार मुलांना उन्हाळ्याचे दोन महिने बंगलोरच्या प्रयोगशाळेत खरं संशोधन करायला मिळणार होतं. राहणं-जेवण फुकट. फक्त दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी, म्हणजे आयुष्यात एकदाच. पत्र प्रत्येक कॉलेजला गेलं होतं आणि मुदत संपायला चार दिवस उरले होते.

ऑफिसच्या खिडकीमागे नवा हंगामी कारकून बसला होता. फुलपाड्याचा, उंच, चष्मेवाला. नोटिसा चिकटवून त्याची बोटं डिंकाने माखलेली असत.

“बंगलोरचं पत्र आलं होतं का?”

त्याने मान वर केली, तिला पाहिलं आणि लगेच खाली घातली.

“आलं होतं… बारा डिसेंबरला.”

शोधाशोध न करता त्याने फाईल काढली. पत्राच्या कोपऱ्यात रसायन विभागाच्या हेड सरांची लाल पेन्सिल उमटली होती – ‘आपल्या मुलींच्या कामाचे नाही. फाईल करा.’ त्या वर्षी वर्गात पहिल्या सातही मुलीच होत्या.

“तुम्ही हे वाचलं होतं?”

“हो.”

“नाव काय तुमचं?”

“चंद्रहास.”

“अरे वा. नाव रावणाच्या तलवारीचं, आणि हातात डिंकाची बाटली.”

“तलवार हंगामी आहे हो,” तो हळूच म्हणाला. “जानेवारीपर्यंतच ठेवणार होते. मुदतवाढ मिळाली.”

कृतिकाला हसू येऊ पाहत होतं. तिने ते गिळलं आणि हेड सरांकडे गेली.

“बाळ, एकटी मुलगी, दोन महिने?” सर म्हणाले. “उद्या तुझे वडील माझ्या दारात येतील.”

“विचारलंत त्यांना?”

“त्यात विचारायचं काय?”

त्यांनी सही दिली नाही. संध्याकाळी घरी तिचे वडील, अप्पा, म्हणाले, “सर नको म्हणाले ना? मग त्यांच्या शब्दाबाहेर कसं जायचं?” आई, आनंदीबाई, कळ्या निवडत होती. मान वर न करता ती बोलली, “सर ह्यांना घाबरतात, हे सरांना घाबरतात. मधल्या मधे पोर माझी.” कृतिका त्या रात्री जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला बोर्डासमोर ही गर्दी. काचेच्या आत ते पत्र लागलं होतं, लाल पेन्सिलीसकट. वर्ग सोडून सगळं कॉलेज ते वाचत होतं. अकरा वाजता सात मुली प्राचार्यांच्या दारात उभ्या राहिल्या, सगळ्यांत पुढे कृतिका. प्राचार्यांनी पत्र दोनदा वाचलं, हेड सरांना बोलावून घेतलं, आणि तीनच्या आत सातही फॉर्मांवर सह्या झाल्या. पाच वाजता चंद्रहासकडून बोर्डाच्या किल्ल्या काढून घेतल्या. हंगामी माणसाला कारण सांगावं लागत नाही.

एसटीच्या थांब्यावर तिने त्याला गाठलं.

“तुम्हाला कोणी सांगितलं होतं हे?”

“कोणी नाही.”

“भांडण माझं होतं. मी भांडत होते. नोकरी घालवून माझ्यावर उपकार कशाला?”

“उपकार नाहीत… प्रायश्चित्त आहे.”

“सरांच्या पापाचं?”

“माझ्या.”

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“रोज साडेदहाला तू बोर्डासमोर थांबतेस. सगळं वाचतेस. ती हरवलेल्या छत्रीची नोटीस वाचलीस ना? छत्री कोणाची हरवलीच नव्हती. तू अजून जरा थांबावंस म्हणून लावली होती. हे पत्र मी तीनदा बाहेर काढलं… आणि तीनदा परत ठेवलं. तू गेलीस तर –”

कृतिकाशी असं कोणी कधी बोललं नव्हतं. आणि पहिल्यांदा कोणी बोललं, ते हे.

“म्हणजे सरांपेक्षा तुम्ही वाईट,” ती म्हणाली. “त्यांना निदान मी आवडत नव्हते.”

“हो,” तो म्हणाला.

एसटी आली. ती चढली, मागे वळली नाही. कान तेवढे लाल झाले होते.

सातांतल्या दोघींची निवड झाली, त्यांत कृतिका होती. बंगलोरच्या वसतिगृहात दर आठवड्याला एक पाकीट येऊ लागलं. आत पत्र नसे, वर्तमानपत्रातली कात्रणं असत. शिष्यवृत्तीची परीक्षा, एम.एस्सी.चे प्रवेश, कुठल्या कुठल्या संस्थेतल्या जागा. मुदतीची तारीख प्रत्येक कात्रणावर अधोरेखित. पाठवणाऱ्याचं नाव नाही, पण शिक्का फुलपाड्याचा. सातव्या पाकिटाला तिचा संयम संपला. तिने चंद्रहासला कार्ड टाकलं – “नुसत्या जाहिराती पाठवता. स्वतःचं काही लिहिता येत नाही का?”

उत्तर आलं – “येतं. पण तुझ्या वतीने आता काही ठरवायचं नाही, असं ठरवलंय. लिहू का?”

दोन दिवस ती चिडून फिरली. तिसऱ्या दिवशी एकच शब्द पाठवला – “लिहा.”

हेड सर २००१ साली निवृत्त झाले. निरोपसमारंभाला कृतिका गेली नाही. अप्पा लेकीच्या पीएच.डी.च्या वेळी बंगलोरला गेले, मोगरा केळीच्या पानात बांधून. इनेझ कॅनडात स्थायिक झाली. चंद्रहास नायगावच्या शाळेत ग्रंथपाल झाला. कृतिका विद्यापीठात शिकवू लागली, आणि २००६ साली दोघांचं लग्न झालं. दर बारा डिसेंबरला ती त्याच्याशी भांडते. तो कधी उलट बोलत नाही.

लग्नानंतर एकदा त्याने सांगितलं, की त्या फाईलमध्ये ९३, ९४, ९५ सालचीही पत्रं होती. प्रत्येकावर तीच लाल पेन्सिल. ९४ साली वर्गात पहिली होती लुसी. ती आज वसईच्या बाजारात वडिलांचं बेकरीचं दुकान चालवते. कृतिकाने तिला जाऊन सगळं सांगितलं. लुसीने पावाची लादी कागदात बांधली, दोरा तोडला.

“मी गेले असते गं,” ती म्हणाली.

चंद्रहास पिशवी धरून मागे उभा होता. ९४ साली तो त्या कॉलेजात नव्हताही. तरी घर येईपर्यंत कृतिका त्याच्याशी एक शब्द बोलली नाही, आणि तो मुकाट तिच्या बरोबरीने चालत राहिला.