यूला मावशीची थंड खोली

पायाला काठी टोचली, तेव्हा डेल्फा घराच्या खाली, फरशीखालच्या बुटक्या पोकळीत, जमिनीवर पालथी पडली होती. दातांत टॉर्च, दोन्ही हात राखाडी लुकणाने बरबटलेले.

"चल, नीघ बाहेर!" बाहेरून कोणी पुरुष ओरडला. "नीघ म्हणतो ना!"

डेल्फाने टॉर्च काढून बाजूला ठेवली. "अजून एकदा टोचलंत तर चावेन हं."

काठी थबकली. "तुम्ही... रॅकून नाही?"

"आईला विचारून सांगते."

ती सरपटत बाहेर आली. केसांत कोळिष्टकं, नाकाच्या शेंड्यावर लुकण. समोर उलटा झाडू धरून एक उंच माणूस उभा होता आणि त्याचे कान लालभडक झाले होते. पाऊस भुरभुरत होता — आमच्या डोंगरातला जानेवारीतला, धड पाऊस नाही, धड बर्फ नाही. त्या माणसाने वर आभाळाकडे पाहिलं. मग त्याने झाडू तिच्या डोक्यावर धरला. छत्रीसारखा.

डेल्फाला हसू आवरेना.

त्याचं नाव वेंडल प्रेटर. वाचनालयाची पुस्तकांची गाडी घेऊन तो खोऱ्याखोऱ्यांतून फिरायचा. ज्या यूला मावशीने त्याला लहानाचा मोठा केला, तिच्याबरोबर तो या घरात राहायचा. घरातला हीटर रात्रंदिवस धडधडायचा, पण गरम हवेचे डक्ट जागोजाग फाटलेले. अर्धी ऊब घराखालच्या उंदरांना मिळायची. सगळ्यात गार पडायची मावशीची खोली. लेक्सिंग्टन शहरातली भाची मागे लागली होती, चल आमच्याकडे. मावशीला जायचं नव्हतं. ती याच घरात जन्मली होती.

म्हणून डेल्फा आली होती. तिचे वडील डक्ट दुरुस्तीची कामं घ्यायचे, आणि हे काम त्यांनी पहिल्यांदाच तिच्या एकटीवर सोपवलं होतं.

"मावशींची खोली अशी ऊबदार करून देते की गोधडी लाथाडतील," ती म्हणाली. लाल कानांच्या माणसासमोर असं काहीबाही तोंडातून निघून जातं.

मग दुपारभर ती घराखाली सांधे लिंपत राहिली, आणि वर बैठकीच्या खोलीत वेंडल जमिनीतल्या, गरम हवा येते त्या जाळीशी कान लावून आडवा पडला. मधल्या डक्टमधून आवाज छान जायचा.

"आहात का तिथे?"

"छे, कॉफी प्यायला गेलेय."

"मग माझ्यासाठीही आणा."

"हा चंदेरी टेप कोणी गुंडाळला हो?"

"काकांनी. त्यांच्या मते जगातली कुठलीही गोष्ट त्या टेपने दुरुस्त होते."

"नाव डक्ट टेप, आणि डक्टवरच टिकत नाही. सगळा सुटून लोंबतोय."

"हळू बोला. वर टेकडीवरच पुरलंय त्यांना. ऐकलं तर नवं भेंडोळं घेऊन येतील."

मग डक्टमधून गुणगुणणं उतरू लागलं.

"वेंडल, तुम्ही गाताय का?"

"मी? नाही!"

"मग डक्टमध्ये कोणीतरी गातंय. आणि बेसूर गातंय."

संध्याकाळी चाचणी झाली. हवा कुठूनही निसटत नव्हती. सामान गाडीत टाकताना वेंडल शेजारी घुटमळला, झाडू अजून हातातच. "रविवारी... मावशी डंपलिंग करते. म्हणजे कोंबडीच्या रश्श्यातले कणकेचे गोळे. म्हणजे तुम्ही जर —"

"येते," डेल्फा म्हणाली. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच. घरी पोचेपर्यंत तिला आपल्या उतावळेपणाची लाज वाटत राहिली.

रविवारी तिने केस मोकळे सोडले होते. टेबलावर डंपलिंग वाफाळत होती, मक्याचा पाव होता. यूला मावशी मात्र ओव्हरकोट घालून, गळ्याशी बटण लावून बसली होती. दाराशी एक बॅग.

"कुठे निघालात मावशी?"

"लेक्सिंग्टनला. उद्या भाची येतेय न्यायला. म्हटलं, जायच्या आधी तुला एकदा जेवू घालावं."

"पण... तुमची खोली?"

"तू काम झकास केलंस गं. बाकी घर कसं भट्टीसारखं तापतंय. आता माझंच शरीर जुनं, त्याला कुठली ऊब पुरणार? आमच्या या विद्वानानेच समजावलं मला."

वेंडल ताटात बघत होता.

जेवण होताच हात धुवायचं निमित्त करून डेल्फा मावशीच्या खोलीत गेली. दार उघडताच गारठा अंगावर आला. तिने गुडघे टेकून जाळीवर तळहात धरला. काही नाही. जाळी उचलली... आणि खाली तिचंच चिकट प्लास्टिक, ताणून, नीट कडा दाबून बसवलेलं.

चाचणीआधी सगळ्या जाळ्यांवर ते लावून तोंडं बंद करतात, चाचणी झाली की ओढून काढतात. या खोलीतली जाळी वाकडी होती, प्लास्टिक वर चिकटेना. तिने ते आतल्या तोंडावर लावलं होतं आणि मावशीचा पाय अडकू नये म्हणून वर जाळी परत बसवली होती. मग निघताना दिसलंच नाही. निघताना लक्ष तरी कुठे होतं!

जमिनीने पोटात घ्यावं असं लोक म्हणतात. डेल्फाला जमिनीखाली काय असतं ते चांगलं माहीत होतं, तरीही आत्ता तिला तिथेच जावंसं वाटलं.

तिने प्लास्टिक ओढलं. गरम हवा भस्सकन तोंडावर आली. ते चुरगळून खिशात घालता आलं असतं. "जाळी जरा अडकली होती" म्हणता आलं असतं. कुणाला कळणार होतं? पण बाहेर एक बाई स्वतःला म्हातारी समजून बॅग बांधून बसली होती.

ती प्लास्टिक हातात घेऊनच परत आली.

"मावशी, तुमच्या शरीराला काही झालेलं नाही. हे मी तुमच्या खोलीत विसरले होते. मी गेल्यापासून तिथे ऊब आलीच नाही." तिने प्लास्टिक मावशीच्या पुढ्यात ठेवलं. "चूक माझी आहे. सगळी."

मावशीने ते प्लास्टिक उलटंसुलटं करून पाहिलं.

"म्हणजे मला भास होत नव्हता?"

"नाही."

"आणि वयानेही नाही?"

"मावशी —" वेंडल म्हणाला.

"तू गप. तुझ्याकडे येतेच मी." मावशी डेल्फाकडे वळली. "रोज सकाळी याला सांगत होते, बाबा, खोली गार आहे. तर म्हणे, त्या मुलीने इतका जीव ओतून काम केलंय, थंडी वयाने वाजत असेल." तिने कोटाचं बटण काढलं. "मी भाचीला फोन करते. तोवर तुम्ही दोघं वर बघायला शिका. जेवण झालं तरी ताटातच बघताय."

मावशी आत गेली. कुणीच वर बघितलं नाही.

"जाळी उचलून बघायला कितीसा वेळ लागला असता मला..." वेंडल हळूच म्हणाला.

"मग का नाही बघितलीत?"

"तुमचं काही चुकलं असेल, हे मला मान्यच करायचं नव्हतं. जिने मला वाढवलं, तिला मी म्हातारी म्हणालो. घराबाहेर काढत होतो जवळजवळ. एका दुपारच्या ओळखीसाठी." त्याचे कान पेटले होते. "हे काय झालंय मला, ते कळतंय, डेल्फा. आवडता तुम्ही मला. फार. पण हे असं मान खाली घालून सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं."

डेल्फाने डोळे पुसले. नाकावर आज लुकण नव्हतं, तरी तिने नाकही पुसलं.

"मीही काही मान वर करून ऐकत नाहीये," ती म्हणाली. "प्लास्टिक विसरले ते... तुम्ही शेजारी घुटमळत होतात म्हणून."

आतून मावशीचा फोनवरचा आवाज येत होता.

"एक सांगू?" डेल्फा म्हणाली. "पुन्हा असं माझ्या बाजूने भांडायचं नाही. माझं चुकलं की मला सांगायचं. तोंडावर."

"सांगेन."

"आणि तुम्ही-बिम्ही नको."

"बरं."

"मग सांग ना. आत्ता."

वेंडलने मान वर केली. टेबलावरचा तिचा हात त्याने हातात घेतला, आणि त्याला गाताना कधी साधला नसेल अशा सुरात तो म्हणाला,

"तुझं चुकलं, डेल्फा."