मिरचीला लागलेली वांगी

रुखमानं वेल ओढला आणि कुंपणापलीकडून कुणीतरी "अवं माय!" म्हणून ओरडलं.

वेल मोठा चिवट होता. सकाळपासून तिनं घरमालकीण गुणाबाईच्या घरामागच्या सांदवाडीत हाताला लागेल ते उपटलं होतं, पण हा काही केल्या येईना. शेवटी तिनं पदर खोचला, पाय रोवले आणि सगळं अंग मागे टाकलं. वेल आला. वेलाबरोबर कुंपणाचा बांबू आला, आणि बांबूबरोबर त्याच्यावर वाळत घातलेल्या कोशाच्या रेशमाच्या ओल्या, सोनेरी लड्या आल्या... थेट तिच्या डोक्यावर!

कुंपण ओलांडून एक उंच तरुण तावातावानं आत शिरला. "कोन हाय ते? माहा सारा धागा—"

लड्यांच्या आतून चिखलानं माखलेला गाल आणि दोन घाबरे डोळे बाहेर आले. तरुणाचा आवाज जागच्या जागी बसला.

"...म्हंजे, तसा जुनाच धागा होता जी. काही बिघडलं नाई."

हा शेजारचा लटारू. कोशाचं कापड विणणारा. आरमोरीत त्याच्या हातच्या लुगड्यांना मान होता, आणि बोलण्यात तो कुणाला हार जात नसे. आणि ती मुलींच्या शाळेत नुकतीच मास्तरीण म्हणून आलेली रुखमाबाई, चांद्याच्या भर पेठेत वाढलेली. भाजी टोपलीत असते, याच्यापलीकडे तिला भाजीची माहिती नव्हती.

"पण तुम्ही हे करून काय राह्यल्या?" लटारूनं विचारलं.

करण्यासारखं तिच्याजवळ दुसरं काही नव्हतंच. गुणाबाईचा नवरा होता तोवर ही वाडी गावात नावाजलेली होती. तो गेला आणि म्हातारीनं वाडीकडे पाठ फिरवली. आता एक ठेकेदार बांबू रचायला ही जागा मागत होता, आणि हिशेब ठेवणाऱ्या मुनशीला राहायला रुखमाची खोलीही. एकट्या बाईला दुसरी खोली गावात कोण देणार? खोली गेली की नोकरी गेली, आणि नोकरी गेली की चांद्याला परत! तिथं थोरल्या भावानं तिच्यासाठी एक बिजवर धान्यव्यापारी हेरून ठेवला होता. तेव्हा रुखमा भलतंच बोलून बसली होती, "गुणाबाई, वाडी मी पिकवते!" म्हातारीनं तिच्या नाजूक हातांकडं पाहिलं आणि म्हणाली होती, "संक्रातीले पायीन. हिरवं दिसलं तं राह्य, नाई तं पेटी बांध."

हे सगळं ऐकून लटारू गंभीर झाला. मग त्यानं छाती थोडी पुढं काढली. "काही काळजी करू नका. भाजीतलं मले सारं समजते."

त्याला भाजीतलं काहीही समजत नव्हतं. पण त्या चिखलाच्या गालासमोर हे सांगायचं कसं?

दुसऱ्या दिवसापासून तो रोज हजर.

"लटारूभाऊ, हे काय उगवलं?" रुखमानं एक कोवळं रोप दाखवलं.

"पयले भाऊ म्हननं सोडा जी. आनि हे... हे कोथमीर हाय."

"वास तर येत नाही?"

"लाजते ते. नवीन मानूस पाह्यलं का वास नाई देत."

रुखमा हसू दाबत म्हणाली, "मग तुम्ही तर जुने. खाऊन पाहा."

लटारूनं पान तोडलं, तोंडात घातलं. त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "वा..." तो कसाबसा म्हणाला. "अस्सल!" आणि विहिरीकडे धावला. त्या गवताला रुखमानं पुढं मोठ्या मायेनं पाणी घातलं.

मग त्यानं म्हशीचं ताजं शेण आणून वाफ्यात ओतलं. वांग्याची रोपं करपून मेली. मग त्यानं सांगितलं की मिरचीला पाणी जितकं जास्त तितकं बरं. मिरची पिवळी पडली. तरी रोज सकाळी, दवानं गवत ओलं असताना, कुंपणापाशी त्याचं खाकरणं ऐकू आलं की रुखमाचा हात नकळत केसांकडं जायचा. आणि त्या हाताला माती असायची... मग केसांना माती लागायची, आणि लटारू ती पाहत उभा राहायचा, सांगत मात्र नसे.

"काय पाहता?"

"काई नाई. वाडी सुधरून राह्यली."

पण रुखमा आता हट्टाला पेटली होती. शाळा सुटली की ती भाजी विकणाऱ्या बायांजवळ जाऊन बसायची आणि खोदून खोदून विचारायची. त्यांच्याकडून कळलं की शेण आधी कुजवावं लागतं. तिनं कोपऱ्यातला जुना उकिरडा उकरला, भुरभुरीत काळं खत वाफ्यात कालवलं, मातीची ढेकळं हातानं फोडली. हातांना फोड आले, फुटले, घट्टे पडले. तिनं मेथी पेरली, पालक पेरला. मिरचीचं पाणी तोडलं, तशी मिरचीही हळूहळू तरारली. पण मेथी बोटभरच वर आली आणि संक्रांत तर दारात उभी!

आदल्या संध्याकाळी ती विहिरीच्या काठावर हिरमुसून बसली होती. "उद्या गुणाबाई येतील, लटारू. ना वांगं, ना टमाटं. मी पेटी बांधते."

नावामागचं 'भाऊ' गळून पडलं होतं, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. त्याच्या मात्र आलं. तो लगबगीनं बाजाराच्या दिशेनं निघून गेला.

सकाळी गुणाबाई काठी टेकत वाडीत आली. रुखमा मागं खाली मान घालून उभी. म्हातारी मधल्या वाफ्यापाशी थबकली, वाकली आणि कपाळाला हात लावून म्हणाली, "अवं माय वं! मिरचीले वांगे?"

रुखमानं मान वर केली. मिरचीच्या झाडांवर मोठमोठी, चकचकीत, जांभळी वांगी लोंबत होती. त्यांच्या भारानं झाडं भुईला टेकली होती.

गुणाबाईनं एक वांगं हातात घेतलं, देठ निरखला, त्याला बांधलेला धागा ओढला. "कोशाचा हाय." मग कुंपणाकडं वळून ती कडाडली, "लटारू! ये गा इथी!"

कुंपणामागून लटारू उठला. कानांपर्यंत लाल.

"काऊन गा? अंधारात कोनतं झाड समजून बांधले?"

"वांग्याचं," तो पुटपुटला. "बाई जातो म्हने... मंग मले काही सुचलं नाई."

"म्हणजे तुम्हाला वांग्याचं झाडसुद्धा ओळखता येत नाही?" रुखमाचा आवाज चढला. "आणि ती कोथिंबीर? ते शेण? इतके दिवस सगळं खोटंच सांगितलं?"

"भाजीचं खोटं सांगतलं," लटारू मातीकडं पाहत म्हणाला. "रोज येत होतो, ते नाई खोटं."

रुखमाचा हात नकळत केसांकडं गेला.

गुणाबाई एव्हाना पुढं गेली होती. तिनं गुडघे टेकले आणि मातीजवळ बोटभर उगवलेल्या मेथीवरून तळहात फिरवला. हात बराच वेळ तिथंच राहिला.

"हे कोनं लावली?"

"मी," रुखमा म्हणाली. "पण फारच लहान आहे."

"मेथी लहानच रायते वं येडे. अशी माती घरधनी गेल्यापासून पाह्यली नाई मी." म्हातारी उठली, डोळे पदरानं पुसले आणि एकदम खेकसली, "त्या ठेकेदाराले सांगतो, बांबू आपल्या घरी रच म्हनून! आनि हे वांगे मी घेऊन जातो. बाजारचे असले तं काय झालं, भरीत तं होईनच."

ओटीत वांगी भरून ती निघाली. फाटकाशी थांबून लटारूला म्हणाली, "हिच्या भावाले भेटाले चांद्याले जाशीन, तं भाजीतलं समजते म्हनू नोको. लुगडं घेऊन जाय."

वाडीत दोघंच उरली. लटारू मुकाट्यानं मेथीच्या वाफ्याशी बसला आणि, काहीतरी उपयोगी पडावं म्हणून, तण समजून भराभर उपटायला लागला.

"अहो, ती मेथी!" रुखमानं त्याचा हात धरला. "हे बघा, ही मेथी. आणि हे गवत."

"समजलं."

"नाही समजलं."

"नाई समजलं," त्यानं कबूल केलं. "शिकवाल?"

"वेळ लागेल तुम्हाला," ती म्हणाली. "फार वेळ."

"जलम गेला तं चालन?"

रुखमानं मेथीच्या एका रोपाकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. हात तिनं सोडला नव्हता.

"चालेल," ती म्हणाली.