पॉलिश उडालेली जागा

खोक्यावर लाल अक्षरांत ‘नाजूक’ लिहिलं होतं आणि आत रेडिओभोवती एक जुना टॉवेल गुंडाळला होता. झालं पॅकिंग. ठाण्याहून बिरवाडीला येईपर्यंत खोकं किती वेळा आपटलं असेल ते उघडण्याआधीच कळलं, आत काचा खुळखुळत होत्या. जुना रेडिओ पाठवताना आतले काचेचे व्हॉल्व्ह काढून वेगळे कापसात गुंडाळा, असं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. प्रत्येक जण ‘हो मॅडम’ म्हणतो आणि टॉवेल गुंडाळतो.

मी आयटीआयला शिकले. भाड्याच्या खोलीत खिडकीपाशी टेबल टाकून जुने रेडिओ दुरुस्त करते. नवरा, प्रितम, कारखान्यात पाळीला जातो. चौदा महिन्यांचा अश्वजित झोपला की माझं काम सुरू होतं. हेही त्याच्या झोपेतच लिहितेय. झोपेत त्याचा खालचा ओठ अजून दूध पीत असतो.

अश्वजित हाकेला वळत नव्हता. मागे ताट पडलं तरी नाही. महाडच्या डॉक्टरांनी मुंबईला कान तपासायला सांगितलं होतं, तारीखही मिळाली होती. आमच्या घरमालकीण गीताबाई म्हणाल्या, “जीभ जड असंल गो. मध चाटव.”

“प्रश्न जिभेचा नाही, कानाचा आहे.”

“तुम्हां शिकलेल्या बायांना जिथंतिथं आजार दिसतो.”

मधाची बाटली त्यांनी टेबलावर ठेवलीच, माझ्या सोल्डरच्या तारेशेजारी.

रेडिओच्या मालकाला, मोरूला, फोन केला. स्पीकरचा पडदा फाटलाय, तीन व्हॉल्व्ह फुटलेत, ट्रान्सफॉर्मर बुडातून निखळलाय, सगळं सांगितलं.

“मॅडम, अँटिक पीस हाय तो. शोकेसला ठेवायचाय. चालू झाला तर पाव्हण्यांना दाखवायला बरा.”

“उजव्या बाजूचं पॉलिश उडालंय. ते कुरियरवाल्यांनी केलेलं नाही.”

तो हसला. “ते आमच्या म्हाताऱ्याचं काम. महादू नाव. पोलादपूरच्या वर आमची वाडी हाय, तिथं ओटीवर रेडिओला हात लावून बसायचा. ठार बहिरा, नि रेडिओ बंद. तरी हसायचा. मधीच ‘हो, हो’ करायचा. आम्ही लय टिंगल करायचो.”

“मग?”

“मग काय. एक दिवस दोन्ही हात वर केले, पोरं ‘उचल’ म्हणून करतात तसे. ‘येतो’ बोलला नि जागच्या जागी गेला.”

बापाचं मरण त्याने पाव्हण्यांना सांगायच्या किश्श्यासारखं सांगितलं. असल्यांच्या शोकेसमध्ये काय काय असेल देव जाणे. मी फोन ठेवला.

मंगळवारी आमच्याकडे दिवसभर लाइट नसते. रेडिओ टेबलावर होता, वायर गुंडाळलेली, फाटका पडदा तसाच. मी चिमट्याने काचा वेचत होते. अश्वजित रांगत आला, टेबलाला धरून उभा राहिला आणि त्याने तळवा नेमका त्या उडालेल्या पॉलिशवर ठेवला.

“अश्व, काच आहे,” मी सवयीने म्हटलं. त्याने पाहिलं नाही.

मग त्याने मान तिरकी केली. आणि हसला.

मी हात लावून पाहिला. नुसतं लाकूड. बाहेर ट्रक नव्हता, पंखा बंद होता. मी रेडिओ उचलून त्याच्या पाठीमागे, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. तो वळला. त्याचे डोळे ओढणीने झाकून रेडिओची जागा बदलली. पुन्हा वळला. तीनदा केलं, तिन्ही वेळा वळला.

कुणीतरी हाक मारल्यावर माझं बाळ कसं वळतं, ते मी पहिल्यांदा पाहिलं. खालचा ओठ पुढे काढून, डोळे मोठे करून वळतं.

आशा माणसाला किती मूर्ख करते हे मला माहीत आहे. म्हणून लाइट आल्यावर मी रेडिओ दुरुस्त करायला घेतला. पतंगाच्या कागदाने पडदा चिकटवला, व्हॉल्व्ह माझ्याकडचे घातले. जुना रेडिओ थेट लावायचा नसतो, आधी मधे बल्ब जोडायचा. बल्ब क्षणभर लख्ख पेटला आणि मंद झाला, म्हणजे सगळं ठीक. खरखर झाली, मग बाजारभाव सुरू झाले. गीताबाई कौतुकाने दारात येऊन बसल्या.

अश्वजित रेडिओकडे पाठ करून चमचा चोखत होता. मी आवाज पूर्ण वाढवला. तो चोखतच राहिला. रेडिओ बंद केला, त्याचा हात त्या जागेवर ठेवला. त्याने काढून घेतला.

गीताबाई गेल्यावर मी चिकटवलेला कागद नखाने फाडला.

माझं बोट अजून पडद्यातच होतं, तेव्हा तो वळला.

मोरूला सांगितलं, नाही होत, सामान मिळत नाही. गिऱ्हाइकाशी मी कधी खोटं बोलले नव्हते.

“मग भंगारात टाका,” तो म्हणाला.

एवढा हलका माणूस. आणि मला बरं वाटलं.

मुंबईला अश्वजितला झोपवून तपासलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन्ही कानांना काहीही ऐकू येत नाही.

“पण तो वळतो.”

“सावली बघून वळत असेल. आईला वाटतं तसं.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी गीताबाईंकडे पाहते तसं.

वीर स्टेशनवर उतरून रिक्षाने घरी आलो. दार उघडण्याआधीच तो माझ्या कडेवरून आत झेपावत होता.

रेडिओ मी उंच फळीवर ठेवला आहे. त्याचा हात पोचत नाही. टाकून द्यावा, हे मला कळतं. पण मग तो कुणाच्याच हाकेला वळणार नाही.

आज लिहिताना मागे चाहूल लागली. तो उठला होता.

फळीखाली उभा होता. कशालाही न धरता. तो अजून असा उभा राहत नाही.

वर पाहून त्याने मान हलवली. हो. पुन्हा, हो.

मग दोन्ही हात वर केले.

मी धावले, त्याला कमरेखालून कवेत उचलून घट्ट धरलं. तो अजून वरच पाहत हसत होता. त्याचं झबलं सरळ करायला हात घातला, तर ते दोन्ही काखांत चुरगळून वर गेलेलं होतं, आत्ताच कुणीतरी खाली ठेवल्यासारखं.