मधली बाई

चिंताकी गावात आणि आसपासच्या वस्त्यांवर इंटरनेट जोडून देणं हा माझा आणि माझ्या धाकट्या भावाचा, अमरनाथचा, धंदा. दोन ठिकाणी उंच खांब उभारायचे आणि वरच्या डिश समोरासमोर धरायच्या. एकीला दुसरी सरळ दिसली पाहिजे. मधे काही आलं की सिग्नल तुटतो.

त्या दुपारी मी गावातल्या खांबावर चढलो होतो, अमरनाथ पल्याडच्या वस्तीवरच्या. मधे तूर काढलेलं काळं रान. झाडसुद्धा नाही. सिग्नल आला आणि लगेच गेला. अमरनाथचा फोन आला.

"अण्णा, मधी कोण उभं हाय?"

"असू दे की. सिग्नलची रेघ माणसाच्या लई वरून जातीय."

मला तर रान मोकळं दिसत होतं. मी दुर्बीण लावली.

बाई होती. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर. पाय ढेकळांत आणि तोंड आमच्या खांबांच्या उंचीला. ती सरळ माझ्याकडे बघत होती.

"तुला पाठमोरी दिसायलीय का?" मी विचारलं.

"न्हाई. माझ्याकडंच बघायलीय."

दुर्बीण काढली; रान मोकळं. पुन्हा लावली. ती आता लहान दिसत होती. माझ्यापासून लांब गेली होती.

म्हणजे त्याच्याजवळ.

"अमर, खाली उतर! बघू नको तिकडं!"

"मंग कुठं बघू, अण्णा? जिकडं बघतोय तिकडं..."

फोन तुटला.

सिग्नल मात्र पूर्ण आला.

मी मोटारसायकल रानातूनच घातली. अमरनाथ खांबाच्या बुडाशी बसला होता. कुठं खरचटलंही नव्हतं. उदगीरच्या डॉक्टरांनी डोळे तपासले. दोष नाही म्हणाले. तोही म्हणाला, "मला समदं दिसतंय."

पण तेव्हापासून तो माणसाशी नीट समोर बसून बोलत नाही. काल जेवायला आम्ही दोघंच होतो. मी भाकरी पुढे केली. त्यानं मान डावीकडे झुकवली, मग उजवीकडे, गर्दीत पुढचं दिसेना की माणूस झुकवतो तशी.

"अण्णा," तो हळूच म्हणाला, "हायस न्हवं तिथं?"

मी त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलो होतो.